खासदाराची पात्रता आणि आपली जबाबदारी



सरकारी कचेरीत शिपायाची जागा भरायची असली तरी उमेदवाराकडे शाळेचा दाखला मागतात. शिक्षकाला बी.एड. लागते, वकिलाला सनद लागते, डॉक्टरला पदवी लागते. परंतु या सर्वांना लागू होणारे कायदे ज्या संसदेत होतात, तिच्या सभासदाला एका इयत्तेचाही दाखला मागितला जात नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. "न शिकता खासदार होता येते, मग शिकून काय करायचे?" असा त्यामागचा सूर असतो. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला थोडे इतिहासात जावे लागेल.

मालमत्तेची अट

संसदीय पद्धतीचे माहेरघर म्हणून आपण इंग्लंडकडे पाहतो. तेथे १७१० च्या कायद्यान्वये परगण्यातून निवडून येणाऱ्या सभासदाला वर्षाला ६०० पौंडांचे आणि शहरातून येणाऱ्याला ३०० पौंडांचे जमिनीचे उत्पन्न असावे लागे. म्हणजे कायदे करण्याचा हक्क जमीनदारांपुरता होता. कामगारवर्गाने १८३८ पासून चार्टिस्ट चळवळ उभारून ही अट काढा आणि सभासदांना वेतन द्या, अशा मागण्या केल्या. मालमत्तेची अट १८५८ साली गेली. वेतन मात्र १९११ साली, वर्षाला ४०० पौंड, असे सुरू झाले. गरीब माणूस पोटाचा उद्योग सोडून फुकट कायदे करायला बसू शकत नाही, ही साधी गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत तीच तऱ्हा होती. १९०९ च्या कायद्याने मध्यवर्ती कायदेमंडळात काही निवडून आलेले सभासद घेतले गेले, मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघही झाले. पण मतदार कोण, तर जमीनदार, कर भरणारे आणि असेच निवडक लोक. १९१९ च्या सुधारणांनंतर १९२० साली निवडणूक झाली, तेव्हा कौन्सिल ऑफ स्टेट या वरिष्ठ सभागृहाचे मतदार साऱ्या देशात सुमारे सतरा हजार आणि कनिष्ठ सभागृहाचे सुमारे नऊ लाख होते. हिंदू असो वा मुसलमान, शेतमजूर, विणकर, खलाशी, हमाल यांना त्या सभागृहात आवाजच नव्हता.

याचा परिणाम काय होतो, हे शिक्षणप्रेमी वाचकांनी एका उदाहरणावरून पाहावे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे मूळचे शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी जन्मलेले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकविलेले. त्यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी माफकच होती. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षण सक्तीचे करता यावे, एवढीच. मार्च १९१२ मध्ये मतदान झाले. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते, आणि ज्यांची मुले शाळेबाहेर होती त्यांना मतच नव्हते. शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क ठरला तो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो प्रौढ मतदानाने निवडलेल्या संसदेने केला.

घटनासमितीचा निर्णय

स्वातंत्र्यानंतर घटनासमितीपुढे हाच प्रश्न आला. समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात आपली खंत बोलून दाखविली. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांकडून आपण मोठी लायकी मागतो, पण कायदे करणाऱ्यांना निवडून येण्याखेरीज काही अट नाही, ही विसंगती त्यांना बोचत होती. तरीही शिक्षणाची अट घटनेत आली नाही.

ते का? १९५१ साली देशात साक्षरता होती सुमारे १८ टक्के. दाखल्याची अट घातली असती तर मोठी बहुसंख्या, आणि त्यातही स्त्रिया, दलित, आदिवासी व गरीब मुसलमान, कायमचे दाराबाहेर राहिले असते. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांनाच शाळा मागण्याचा हक्कही नाकारला गेला असता.

शिवाय दाखला आणि योग्यता या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे शिक्षण घरीच झाले. शाळा-कॉलेजची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, पण त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नव्हती. कामराज यांची शाळा लहानपणीच सुटली. मद्रासचे मुख्यमंत्री असताना (१९५४-६३) त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या आणि मुलांना दुपारचे जेवण दिले. पुढे १९६९ साली ते लोकसभेत निवडून गेले. उलट, घटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून पराभूत झाले आणि १९५२ मध्ये राज्यसभेतून संसदेत गेले. पदवीची पारख मतदार करतोच असे नाही, हाही यातला धडा आहे.

आजच्या अटी

घटनेच्या ८४ व्या कलमानुसार खासदार भारताचा नागरिक असावा. लोकसभेसाठी वय किमान २५ आणि राज्यसभेसाठी ३० असावे. घटनासमितीपुढे वरिष्ठ सभागृहासाठी ३५ वर्षांचा प्रस्ताव होता. तो ३० वर आणण्याची दुरुस्ती श्रीमती दुर्गाबाई यांनी मांडली आणि ती मान्य झाली. १९६३ पासून उमेदवाराला अर्ज भरतानाच घटनेशी निष्ठेची व देशाच्या अखंडतेची शपथ घ्यावी लागते.

आणखी एक अट आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उमेदवाराचे नाव मतदारयादीत असले पाहिजे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढेच सांगितले होते. मत गेले आणि उमेदवार होण्याचा हक्कही गेला. आपल्या घरातील मुलीचे नाव शाळेच्या पटावर पूर्ण आणि बिनचूक लिहिले जाणे किती मोलाचे, हे यावरून कळावे.

अपात्रतेची कारणे १०२ व्या कलमात आहेत. सरकारी लाभाचे पद, न्यायालयाने ठरविलेले मनोवैकल्य, दिवाळखोरी, नागरिकत्व गमावणे ही त्यांतील मुख्य. गुन्ह्यासाठी दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर सभासदत्व जाते आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढविता येत नाही. पूर्वी अपील केले की सभासदत्व टिकत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ही सवलत रद्द केली. पक्षांतरामुळे होणारी अपात्रता १९८५ साली आली. विद्यार्थ्यांना गंमत वाटेल अशी एक तरतूद म्हणजे परवानगीवाचून साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिकामी झाल्याचे जाहीर करू शकते. हजेरी खासदारालाही चुकलेली नाही!

मुदत

लोकसभेची मुदत पाच वर्षे. राज्यसभा विसर्जित होत नाही. तिचा सभासद सहा वर्षांसाठी असतो आणि दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सभासद निवृत्त होतात. राष्ट्रपती तेथे बारा जाणकार नेमतात. १९५२ च्या पहिल्या बारांत जामिया मिल्लियाचे शिक्षणतज्ज्ञ डॉ. झाकीर हुसेन होते. तेच १९६७ साली राष्ट्रपती झाले.

मुदतीचे महत्त्व आणीबाणीत कळले. १९७१ साली निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये वाढविण्यात आली आणि ४२ व्या दुरुस्तीने ती कायमची सहा वर्षे केली गेली. मार्च १९७७ मध्ये अखेर निवडणूक होऊन सत्ताबदल झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत परत आली. ठरल्या वेळी जनतेपुढे हिशेब ठेवावा लागतो, म्हणूनच प्रतिनिधी प्रतिनिधी राहतो.

विशेषाधिकार कोणाचे?

४ जानेवारी १६४२ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स शिपाई घेऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये शिरला. त्याला पाच सभासदांना पकडायचे होते. ते कोठे आहेत असे विचारताच सभापती लेंथॉल यांनी गुडघे टेकून नम्रपणे सांगितले की, सभागृहाच्या आज्ञेवाचून मला पाहता वा बोलता येत नाही. सभागृहातील भाषणस्वातंत्र्य पुढे १६८९ मध्ये कायद्याने पक्के झाले.

आपल्या १०५ व्या कलमाचे मूळ तेथे आहे. सभागृहात केलेल्या भाषणासाठी वा दिलेल्या मतासाठी खासदारावर कोर्टात दावा होत नाही. अधिवेशनकाळात आणि त्याच्या आधी व नंतर चाळीस दिवस त्याला दिवाणी प्रकरणात अटक होत नाही. फौजदारी गुन्ह्यात मात्र ही सवलत मुळीच नाही. अटकेची खबर तेवढी सभागृहाला द्यावी लागते.

हा अधिकार कशासाठी, हे फिरोज गांधींनी दाखविले. आयुर्विमा महामंडळाच्या पैशाने एका उद्योगपतीचे शेअर्स घेतल्याचे प्रकरण त्यांनी डिसेंबर १९५७ मध्ये, सत्ताधारी पक्षाचे असूनही, लोकसभेत बाहेर काढले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत लोकांसमक्ष चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. हेच छागला पुढे केंद्रात शिक्षणमंत्री झाले.

याच अधिकाराचा बाजारही मांडला गेला. प्रश्न विचारण्यासाठी मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेतल्याचे प्रकरण १९५१ सालीच उघडकीस आले आणि सभासद मुद्गल यांना जावे लागले. २००५ साली अशाच कारणाने अकरा खासदारांना संसदेने घालवून दिले. लाच घेऊन मत दिले वा भाषण केले तर विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ मार्च २०२४ रोजी दिला. हे अधिकार खासदाराला आपले काम निर्भयपणे करता यावे म्हणून आहेत. ते त्याच्या बडेजावासाठी नाहीत.

वेतनाचेही तसेच. १९५४ च्या कायद्याने दरमहा ४०० रुपये आणि हजेरीच्या दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. १ एप्रिल २०२३ पासून मासिक वेतन १ लाख २४ हजार रुपये झाले. रक्कम किती असावी यावर मतभेद असतील. परंतु धनवान नसलेल्यालाही संसदेत बसता यावे, हा तिचा मूळ हेतू विसरता कामा नये.

मग शिकून काय करायचे?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. घटनेने शिक्षणाचे मोल कमी केलेले नाही. उमेदवाराची परीक्षा घेण्याचे काम तिने मतदाराकडे सोपविले आहे, आणि परीक्षकाला विषय यावा लागतो. १९८९ पासून अठरा वर्षांची मुले-मुली मतदार होतात. म्हणजे बारावीच्या बाकावरचा विद्यार्थी वर्षभरात परीक्षक होतो.

पालकहो, मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली की यादीत नाव नोंदवा. आपला खासदार किती दिवस हजर होता, त्याने शाळा, रोजगार, दवाखाना यांविषयी कोणते प्रश्न विचारले, हे मुलांना वाचायला सांगा आणि घरी त्यावर बोला. हा मजकूर संसदेच्या कामकाजात छापलेला असतो, तो कोणालाही पाहता येतो. विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्र हा वीस गुणांपुरता विषय समजू नका. १९१२ साली आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्णय झाला, तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. तुम्हाला दर पाच वर्षांनी विचारले जाणार आहे. उत्तर समजून-उमजून देता यावे, याच्यासाठीच शिका.