वाढत्या वयातील हृदय : तिशीतच लक्ष द्या

हृदयविकार म्हणजे म्हातारपणाचा आजार, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात मात्र दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर प्रदेशांत हेच वय ५८-५९ होते. म्हणून हा लेख आम्ही आजी-आजोबांसाठी जितका, तितकाच तिशीतल्या कार्यकर्त्यांसाठी लिहीत आहोत.

वय वाढते तसे हृदयात नेमके काय बदलते? हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचिक असते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि पुन्हा आकसते. वयानुसार ती कडक होत जाते, त्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. त्या वाढीव दाबाविरुद्ध काम करताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये कप्पा नीट भरत नाही. मग जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, वय झाले. पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागू लागली, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

यात सर्वात फसवा शत्रू उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू टाळा. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. हात हृदयाच्या पातळीत हवा, आणि मोजताना बोलू नका. आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर उपचार हवेत. गोळी सुरू झाली की दाब उतरतो, आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून अनेकजण ती बंद करतात. दाब उतरलेला असतो तो गोळीमुळेच. आमच्या मते घरातल्या तरुणाने करण्यासारखे पहिले काम हेच : आई-वडिलांची गोळी संपली का, ते दर महिन्याला पाहणे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीवरील प्रत्येकाची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी मोफत होते. वस्तीतल्या आशाताईंना विचारा.

तंबाखूबद्दल बोलताना आपण विडी-सिगारेटवर थांबतो. पण मशेरी? पहाटे दात घासताना आई, मावशी, आत्या जी लावतात ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. त्यात पाळी बंद झाल्यावर स्त्रियांचा हृदयविकाराचा धोका वाढतो. या विषयावर घरात बोलायला संकोच वाटतो, तरी बोलावे.

मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे, म्हणजे जेमतेम एक चमचा. सुके बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच धरायचे. आणि रात्री अकरापर्यंत बैठका, मध्ये वडापाव आणि चार कप चहा, ही कार्यकर्त्यांची दिनचर्या हृदयाला मानवणारी नाही, हेही सांगायला हवे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे पुरेसे आहे. त्यासाठी जिम लागत नाही. साठी ओलांडलेल्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सरावही करावा, पायांत बळ राहते.

आता झटक्याविषयी. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ ही ओळखीची लक्षणे. पण वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात कधी छाती दुखतच नाही. नुसता दरदरून घाम, मळमळ, धाप किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे वाटते. त्यावर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजण्यात मोलाचा तास जातो. हृदयाचा स्नायू रक्ताविना मिनिटामिनिटाला मरत असतो. रुग्णाला चालवू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि ईसीजी होईल अशाच ठिकाणी न्या.

खर्चाच्या भीतीने उशीर करू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, कागदपत्रांचे तो पाहतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचे रेशनकार्ड, आधारकार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आजच एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा.