आर्नोकाठचे छत्रपती: फ्लॉरेन्समधील एका संगमाची गोष्ट

शिरोळ तालुक्यातील माणसाला संगमाचे नवल वाटत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, ते पाणी पाहतच आपण लहानाचे मोठे होतो. तरीही इटलीच्या प्रवासात एक दिवस रोमहून फ्लॉरेन्सला गेलो असता, आम्ही उभयता एका साध्याशा संगमावर बराच वेळ उभे राहिलो. त्या काठावर कोल्हापूरच्या एका छत्रपतींचा देह अग्नीच्या स्वाधीन झाला आहे. मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे २० वर्षांचे होते. हा धागा त्यांच्याविषयी.

सकाळचे फ्लॉरेन्स सर्वांना ठाऊक आहे. ब्रुनेलेस्कीचा घुमट, पाँते व्हेक्यो हा जुना पूल, त्यावरील सोनारांची दुकाने. यांवर पुष्कळांनी लिहिले आहे, मी भर घालत नाही. एकच गोष्ट सांगतो. शहरातील भिंतींवर ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुराची रेघ दाखविणाऱ्या पाट्या आहेत. डोक्याच्याही वर असलेली एक रेघ पाहून पत्नी म्हणाली, "अहो, यांनी निदान खूण तरी जपली. आपण २०१९ ची रेघ रंग देऊन पुसली की!" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुपारी स्थानकापासून ट्रामने कॅशिने उद्यान गाठले. मेदिची घराण्याची ही जुनी गोठ्यांची व शिकारीची जागा. आर्नो नदीच्या उजव्या तीराने ती लांबच लांब पसरली आहे. झाडांखालून पश्चिमेकडे चालत राहिलो. पर्यटक मागे पडले. धावणारे, सायकलवाले आणि कुत्री फिरविणारे तेवढे उरले. उद्यानाच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, तिथे झाडीतून एक छत्री दिसली. पावसाळ्यातली नव्हे, आपल्याकडे राजघराण्यातील समाधीवर असते ती. खाली रंगविलेला अर्धपुतळा, भरजरी पोशाख, डोक्याला पागोटे, मिसरूड फुटलेला कोवळा चेहरा.

हे कोणते राजाराम, हे आधी स्पष्ट करावयास हवे, कारण समाजमाध्यमांवर या छायाचित्राखाली हमखास घोटाळा होतो. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर निवर्तले. त्यांच्या पत्नी महाराणी ताराबाई या कोल्हापूरच्या गादीच्या संस्थापिका. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज विसाव्या शतकातील. फ्लॉरेन्सचे राजाराम या दोहोंच्या मधले. जन्म १८५०, मूळ नाव नागोजीराव पाटणकर. मामा बाबासाहेब महाराज १८६६ मध्ये निपुत्रिक वारले आणि हा भाचा दत्तक होऊन गादीवर आला.

१८७० च्या उन्हाळ्यात ते इंग्लंडला निघाले. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे, असे मानणारा समाज भोवती होता. राजाच्या बाबतीत तर टीकेला धारच यावयाची. तरी ते गेले. सोबत ब्रिटिश अधिकारी कॅप्टन वेस्ट आणि कोल्हापूरची मंडळी होती. लंडनमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले आणि रोजच्या रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहिली. वेस्टने ती १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. ती वाचताना एक सावधगिरी बाळगावी: राजाच्या मृत्यूनंतर ती एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संपादनातून गेली आहे. तरुण राजाला जे खटकले असेल, ते सगळेच तिथे उरले असेल असे समजू नये.

परतीचा मार्ग बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्समधून इटलीत उतरणारा होता. उत्तरेकडे फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटलेले. इकडे इटालियन फौजांनी सप्टेंबरात रोम घेतले होते, पण राजधानी अजून फ्लॉरेन्सच होती. वाटेतच महाराजांची प्रकृती ढासळली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात त्यांचा अंत झाला.

आता खरा पेच. हिंदू राजाचे दहन व्हावयास हवे, आणि इटलीत दहनाला ना कायद्यात जागा होती ना रूढीत. याच तोस्काना प्रांताच्या किनाऱ्यावर १८२२ मध्ये शेली या इंग्रज कवीचा देह जाळला गेला होता, पण तो समुद्राने बाहेर टाकलेल्या प्रेतांविषयीच्या संसर्गबंदीच्या नियमामुळे. आधुनिक पद्धतीचे दहन मिलानला सुरू झाले ते १८७६ मध्ये, म्हणजे आपल्या घटनेनंतर ६ वर्षांनी. फ्लॉरेन्समध्ये ब्रिटिश वकिलाने मध्यस्थी केली आणि नगरपालिकेने खास परवानगी दिली. जागा ठरली ती दोन नद्यांच्या संगमाची, कारण धर्मविधीला तीच योग्य. भर थंडीत, रात्रीच्या अंधारात चिता रचली गेली. हा अपूर्व विधी पाहावयास शहरातील लोक लोटले होते.

पत्नीने छत्रीला प्रदक्षिणा घातली, पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ही तर वाडीच की हो!" मला तोपर्यंत तो संबंध सुचलाच नव्हता. कोल्हापूरच्या राजघराण्याच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत, आणि तेच पाणी पुढे वाडीला येऊन कृष्णेला मिळते. महाराज घरी वारले असते, तर त्यांच्या रक्षेचे पाणी आपल्या दारावरून गेले असते. त्या रात्री परक्या मुलखात संगम शोधणाऱ्या कोल्हापूरकरांच्या मनात कोणता संगम असेल, याची कल्पना शिरोळकराला करता येते.

पण धागा इथे संपवून चालणार नाही, कारण या मृत्यूचे पडसाद पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात उमटले. महाराजांना पुत्र नव्हता. १८७१ मध्ये भोसले घराण्यातील ८ वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन शिवाजी हे नाव दिले. कोल्हापुरात त्यांना चौथे शिवाजी म्हणतात. राजा अज्ञान, सत्ता कारभारी व इंग्रजांच्या हाती. पुढे राजाला वेडा ठरविण्यात आले. त्याच्या छळाविषयी 'केसरी' व 'मराठा'ने लिहिले; कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्या १०१ दिवसांविषयी आपण शाळेत वाचतो; त्यामागची फ्लॉरेन्सची रात्र मात्र कोणी सांगत नाही. चौथे शिवाजी १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात वारले, एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर. वय, तेही २०. मग १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील एक मुलगा दत्तक आला. तेच राजर्षी शाहू.

याचा अर्थ राजाराम महाराज वाचते तर शाहू महाराज झालेच नसते, असा हिशेब काही जण मांडतात. मला तो आवडत नाही. एका तरुणाचा मृत्यू दुसऱ्याच्या थोरवीची पायरी म्हणून मोजू नये.

छत्री १८७४ ची. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. अर्धपुतळा घडविला तो फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या फुलर या इंग्रज शिल्पकाराने. म्हणजे कोल्हापूरच्या राजाचे इटलीतील स्मारक हे मुख्यतः इंग्रजांचे काम आहे. स्थानिक लोक या ठिकाणाला 'इंदियानो', म्हणजे 'हिंदी माणूस', एवढेच म्हणतात. शेजारी १९७० च्या दशकात बांधलेला मोठा पूलही 'इंदियानोचा पूल' म्हणूनच ओळखला जातो. रोज त्यावरून हजारो गाड्या जातात. नाव टिकले, पण राजाराम हे नाव नव्हे.

आपल्याकडेही फार वेगळे नाही. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाने चालते ते हेच, हे तिथे शिकलेल्या किती जणांना ठाऊक असते?

जाणाऱ्यांसाठी: रोमहून वेगवान रेल्वेने फ्लॉरेन्स दीड तासावर आहे. ट्रामच्या कॅशिने थांब्यावर उतरून नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहावे. पाऊण तास सहज लागतो. वाटेत खाण्यापिण्याची सोय तुरळक आहे, पाण्याची बाटली जवळ असू द्यावी. परतताना उजेड असेल असे पाहावे. आम्हाला उशीर झाला होता आणि रोमची गाडी जेमतेम मिळाली.