सनद आणि व्हरांडा

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नागपुरातले माझे विद्यार्थी सनद घेतात तेव्हा त्यांना मी एक प्रकरण सांगतो. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील अशिलांवर तुटून पडतात, अशी तक्रार 1964 साली उच्च न्यायालयाने बार कौन्सिलकडे धाडली. राज्याच्या कौन्सिलने तीन वर्षे वकिलीस बंदी केली. अखिल भारतीय कौन्सिलने नियम 36 चा अर्थ आखडून त्यांना सोडले. 1975 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी तो अर्थ खोडला. ओढाताण वाईटच! पण बापाचे ऑफिस असलेल्याला अशील मागावे लागत नाही; आमचा पोरगा व्हरांड्यात ताटकळतो, आणि नियम दोघांना एकच. 1923 साली बाबासाहेबांनाही सनदेसाठी नवल भथेनांकडून पैसे घ्यावे लागले होते.