महिला बास्केटबॉल
महिला बास्केटबॉल : प्रत्येकी 5 खेळाडूंच्या दोन महिला संघांत खेळला जाणारा सांघिक चेंडूखेळ (→ बास्केटबॉल).

उगम : जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला. सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनींसाठी 1892-93 मध्ये त्याचे नियम बदलले. अतिश्रम व धसमुसळेपणा स्त्रियांना अयोग्य, या तत्कालीन समजुतीनुसार मैदानाचे तीन भाग पाडण्यात आले. आपला भाग सोडण्यास व प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्यास मनाई होती. अमेरिकी महाविद्यालयांत पाच जणींचा पूर्ण मैदानी खेळ 1971 पासून रूढ झाला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्पर्धा 1936 मध्ये, तर महिलांची 1976 मध्ये (माँट्रिऑल) समाविष्ट झाली.

वैशिष्ट्ये : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान, सामन्याचा कालावधी व कड्याची 3.05 मी. उंची पुरुषांप्रमाणेच असते. महिलांचा चेंडू 6 क्रमांकाचा, पुरुषांचा 7 क्रमांकाचा. खेळाडूंनी सामन्यात डोके झाकण्यावरील आंतरराष्ट्रीय बंदी 2017 मध्ये उठली (→ क्रीडावेश).

महाराष्ट्र : शालेय स्पर्धांत मुलींचे 14, 17 व 19 वर्षांखालील गट असतात.

महत्त्व : बंगळुरू येथे 2017 च्या महिला आशिया चषकाच्या ‘ब’ गटात भारताने कझाकस्तानचा 75-73 असा पराभव करून विजेतेपद मिळविले. या संघातील पुण्याच्या शिरीन लिमये यांनी पुढे भारताचे नेतृत्व केले. स्त्री-पुरुषांच्या नियमांतील फरक कमी होत जाण्याचा वरील इतिहास क्रीडाक्षेत्रातील लिंगभावविषयक साचेबद्ध धारणांच्या अभ्यासात उपयुक्त ठरतो (→ लिंगभाव, स्त्रिया व क्रीडा).