छोट्या इंजिनांचे कारागीर

मुंबईकरांना १०८९ सीसीचे फियाट इंजिन ठाऊक आहे ते त्याच्या सोशिकपणासाठी. पाच माणसे, टपावर सामान आणि घाटात दुसऱ्या गियरवर चाललेली घरघर, ही त्याची ओळख. प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, या काळ्या-पिवळ्या गाड्या शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या त्या इंजिनाचे घराणे तुरीनचे. दान्ते जाकोझा या फियाटच्या अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली ‘५०८ सी’ ही मोटार १९३७ साली बाजारात आली, तेव्हा सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ७५ मिलिमीटर होता. पद्मिनीपर्यंत ही मापे कायम राहिली. याच मापाच्या इंजिनावर इटलीतल्या गल्लीबोळांतील कारागिरांनी शर्यतीच्या मोटारी उभ्या केल्या आणि त्यांतल्या एकीने देशातील सर्वांत मोठी शर्यत जवळजवळ जिंकली होती, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही.

ती शर्यत म्हणजे १९४७ सालची मिल्ले मिलिया. ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा, अशी ही सामान्य रस्त्यांवरून धावणारी स्पर्धा. ५४ वर्षांचा, प्रकृतीने खचलेला ताझिओ नुव्होलारी ‘चिझितालिया’ नावाच्या उघड्या मोटारीत बसला होता. इंजिन फियाट ११०० चे. समोर प्रतिस्पर्धी म्हणून क्लेमेंते बियोंदेत्तीची जवळजवळ तिप्पट क्षमतेची आल्फा रोमिओ. तरीही नुव्होलारीने आघाडी घेतली. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, विजेच्या जोडण्यांत पाणी शिरले, इंजिन अडखळले आणि बियोंदेत्ती पुढे निघून गेला. नुव्होलारी दुसरा आला. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावरही चिझितालियाच होत्या. घरगुती मोटारीच्या इंजिनातून एवढे काढता येते, हे त्या दिवशी साऱ्या इटलीने पाहिले.

चिझितालियाचा मालक पिएरो दुझिओ हा तुरीनचा उद्योजक. युद्ध संपताना त्याच्या उद्योगांत सायकलींचाही समावेश होता आणि शर्यतीच्या मोटारीचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून करायचे ठरले, त्यामागे हा अनुभव होता. आरेखन जाकोझाचेच, दिवसा फियाटची नोकरी आणि उरलेल्या वेळात हे काम. ‘डी ४६’ ही पहिली एकआसनी मोटार सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीनच्या व्हालेंतिनो उद्यानातील शर्यतीत उतरली. त्या दिवशी नुव्होलारीच्या हातात स्टिअरिंगचे चाक निखळून आले, आणि ते उंच धरून दाखवत तो पिटकडे परतला, ही हकीकत इटलीत आजही रंगवून सांगितली जाते. शर्यत खुद्द दुझिओने जिंकली. पुढे पिनिन फारिनाने घडवलेली चिझितालिया २०२ ही बंद मोटार न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात मांडली. तोवर दुझिओ मात्र पोर्शेच्या अभियंत्यांकडून करवून घेतलेल्या एका अतिमहागड्या ग्रां प्री मोटारीच्या पायी बुडाला होता.

कारखाना नव्हे, गॅरेज

युद्धोत्तर इटलीत असे कारागीर एवढ्या संख्येने का निर्माण झाले, याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. विमानांचे कारखाने थंडावले होते. अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने वळवणारे आणि सूक्ष्म मापाचे लेथकाम जाणणारे हात रिकामे होते. मोठी इंजिने परवडणारी नव्हती. शर्यतींमध्ये ७५० आणि ११०० सीसीचे स्वतंत्र गट असल्यामुळे लहान मोटारवाल्यालाही जिंकण्याची संधी होती. सुटे भाग फियाटच्या दुकानात मिळत. तेव्हा तुरीन, मोदेना, फ्लोरेन्स, रोम, फोर्ली अशा ठिकाणी चार-पाच माणसांची गॅरेजे मोटारनिर्माते म्हणवू लागली. यांतल्या कित्येकांनी उभ्या आयुष्यात शंभर मोटारीही केल्या नाहीत. नावे इतकी की अमेरिकी शौकिनांनी या साऱ्यांना मिळून ‘एत्चेतेरिनी’, म्हणजे ‘इत्यादी मंडळी’, असे गमतीचे नाव देऊन टाकले.

त्यांची विद्या कोणती? इंजिनाची ताकद ही अखेर त्याच्या श्वासाची ताकद असते. जितकी हवा आणि पेट्रोल आत जाईल आणि जितक्या सहज धूर बाहेर पडेल, तितके बळ. कारखान्यातून आलेल्या हेडमधील हवेच्या वाटा ओतकामाने खडबडीत राहिलेल्या असत, कोपऱ्यात कडा असत, गॅस्केटचे भोक आणि हेडचे भोक एकमेकांवर बसत नसे. कारागीर ते हेड उतरवून कानस आणि एमरी घेऊन बसे. वाट गुळगुळीत करायची, पण फार रुंद करायची नाही. रुंद केली की हवेचा वेग मरतो. धातू किती काढायचा हे बोटाला कळले पाहिजे, कारण एक घाव जास्त पडला तर पलीकडे पाण्याची वाट उघडी पडे आणि हेड भंगारात जाई. मग हेडचा तळ घासून दाब वाढवायचा, व्हॉल्व्ह मोठे बसवायचे, कॅमशाफ्टच्या उंचवट्यांचा आकार बदलून ते अधिक वेळ उघडे ठेवायचे. चारही कनेक्टिंग रॉड तराजूत घालून सारख्या वजनाचे होईपर्यंत घासायचे. एका कार्बोरेटरच्या जागी दोन वेबर बसत. (ज्या एदोआर्दो वेबरने बोलोन्यात ते कार्बोरेटर निर्माण केले, तो १९४५ च्या मे महिन्यात जो नाहीसा झाला तो कायमचाच.) या सगळ्याची किंमतही मोजावी लागे. असे इंजिन सिग्नलला उभे असताना धडधडते, कमी फेऱ्यांवर ओढ देत नाही आणि लवकर झिजते. टॅक्सीसाठी ते निरुपयोगीच.

मोदेनाच्या व्हित्तोरिओ स्तांगुएल्लिनीचे घराणे मुळात वाद्ये करणारे. या घराण्यातील चेल्सो हे वाद्यवृंदातील मोठ्या नगाऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. मोदेनात नोंदवलेल्या मोटारींपैकी क्रमांक एकची पाटी याच घराण्याच्या मोटारीला होती. व्हित्तोरिओने फियाटच्या इंजिनांवर हात बसवला आणि त्याला खरे यश मिळाले ते फॉर्म्युला ज्युनिअरमुळे. काउंट जोव्हान्नी लुरानी यांनी पुढे आणलेल्या या गटाचा नियम सोपा होता: इंजिन सर्वसाधारण विक्रीच्या मोटारीचे हवे, आणि ११०० सीसीच्या मोटारीचे वजन किमान ४०० किलो हवे. फियाट ११०० साठी याहून सोयीचा नियम सापडणे कठीण. १९५९ साली मोनाकोच्या ज्युनिअर शर्यतीत मायकेल मे स्तांगुएल्लिनी घेऊन पहिला आला. मात्र हे वैभव दोनच हंगाम टिकले. १९६० मध्ये इंग्लंडहून कूपर आणि लोटस आल्या. त्यांचे इंजिन मागे होते, लोटसमध्ये ते फोर्ड अँग्लियाचे होते आणि त्याचा पिस्टनचा पल्ला अतिशय आखूड असल्यामुळे ते कितीतरी अधिक फेऱ्या सहन करी. ७५ मिलिमीटरच्या पल्ल्याचे फियाट तिथे थकले. कारागिरी कितीही असली तरी धातूला मर्यादा असते.

विंचवाची मोहर

या साऱ्यांत जगभर नाव झाले ते कार्लो अबार्थचे. हा मूळचा व्हिएन्नाचा. १५ नोव्हेंबर १९०८ चा जन्म, रास वृश्चिक, म्हणून मोटारीवर विंचू. युद्धापूर्वी मोटारसायकल शर्यती, अपघात, मग चिझितालियाचा शर्यत विभाग. ती कंपनी कोसळल्यावर तिच्या अवशेषांतून १९४९ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. पोट भरले ते सायलेन्सरवर. जाड काळ्या नळीचा, भरदार आवाज करणारा अबार्थ सायलेन्सर तरुण इटालियनांनी आपल्या साध्या फियाटला हौसेने लावला, आणि त्या पैशावर शर्यती चालल्या. व्यापारी अक्कल आणि कारागिरी एकाच माणसात क्वचित सापडते. अबार्थकडे दोन्ही होत्या, आणि इतर ‘इत्यादी’ राहिले याचे निम्मे कारण हेच असावे.

१९५५ मध्ये फियाट ६०० आली. मागे इंजिन, क्षमता ६३३ सीसी, ताकद बाविसेक अश्वशक्ती. अबार्थने नवा क्रँक घालून पल्ला वाढवला, सिलिंडर किंचित बोअर केले आणि ७४७ सीसीतून जवळपास दुप्पट ताकद काढली. हे बदल पेटीत भरून विकलेही जात. गावातला मेकॅनिक ती पेटी उघडून मोटार बदलून देई. पुढे याच इंजिनाच्या वंशातून ८४७ आणि अखेर ९८२ सीसीपर्यंत मजल गेली, आणि १९७० च्या सुमारास सुधारित हेडच्या आवृत्तीने शंभर अश्वशक्ती ओलांडली. या मोटारींची खूण म्हणजे शर्यतीत मागचे झाकण आडव्या दांड्यावर उघडे ठेवलेले असे. इंजिनाला हवा मिळावी हा हेतू. मोटारीच्या मागच्या हवेच्या प्रवाहालाही त्याची मदत होई. प्रेक्षकांना मात्र ती ऐटच वाटे.

फियाट ५०० चे उदाहरण तर अधिक बोलके. १९५७ साली निघालेली ही १३ अश्वशक्तीची मोटार सुरुवातीला नीट खपेना. अबार्थने आपली आवृत्ती फेब्रुवारी १९५८ मध्ये मोन्झाच्या मार्गावर आणली आणि सात दिवस-रात्र अखंड पळवली. अंतर भरले १८,१८६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी १०८.२५२ किलोमीटर. विक्रम अबार्थचे, जाहिरात फियाटची. त्यानंतर फियाट त्याला विजयांसाठी आणि विक्रमांसाठी पैसे देऊ लागली. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये, सत्तावन्न वर्षे पूर्ण व्हायला काही आठवडे उरले असताना, अबार्थ स्वतः विक्रमासाठी मोटारीत बसला. मोटार इतकी अरुंद होती की तिच्यात मावण्यासाठी त्याने सफरचंदांच्या आहारावर राहून सुमारे तीस किलो वजन उतरवले होते.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात. रोमच्या जान्निनी बंधूंनी फियाट ५०० च्या वेगवान आवृत्त्या काढून अबार्थला घरच्या मैदानावर टक्कर दिली. फोर्लीच्या इलारिओ बांदिनीने अमेरिकेच्या लहानग्या क्रॉस्ली इंजिनावर स्वतःचे दुहेरी कॅमशाफ्टचे हेड चढवले आणि त्या मोटारी अमेरिकेच्या ७५० सीसी गटात जिंकल्या. तुरीनचा एन्रिको नार्दी आज लाकडी स्टिअरिंगमुळे ओळखला जातो. १९५५ साली त्याने वास्तुविशारद कार्लो मोल्लिनो यांच्यासह ल मान्ससाठी दोन होड्या शेजारी जोडाव्यात तशी मोटार केली होती. एका होडीत चालक, दुसरीत जान्निनीचे ७३७ सीसीचे इंजिन. शेजारून गेलेल्या मोठ्या मोटारीच्या हवेच्या झोताने ती रस्त्याबाहेर फेकली गेली, असे सांगतात. सध्या ती मिलानच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान संग्रहालयात आहे.

आठवणींची किंमत

१९५७ च्या अपघातानंतर मूळ मिल्ले मिलिया बंद झाली. १९७१ मध्ये अबार्थने आपली कंपनी फियाटला विकली. गॅरेजांची शटर एकेक करून खाली आली. हा विषय तिथेच संपला असता, पण १९७७ साली मिल्ले मिलिया जुन्या मोटारींची फेरी म्हणून पुन्हा सुरू झाली. प्रवेशाची अट अशी, की ज्या प्रकारच्या मोटारींनी १९२७ ते १९५७ दरम्यान मूळ शर्यतीत भाग घेतला, त्यांनाच प्राधान्य. एका रात्रीत कोठारात कुजत पडलेल्या अनामिक ७५० सीसीच्या मोटारी मौल्यवान झाल्या. ज्यांना आल्फा किंवा फेरारी परवडत नाही, त्यांच्यासाठी ‘इत्यादी’ हेच प्रवेशपत्र ठरले.

आणि इथेच खरा पेच उभा राहिला. मोठ्या कंपनीकडे प्रत्येक मोटारीची नोंद असते. या गॅरेजांत ती बहुधा नसे, किंवा असली तरी दुकानाबरोबर गेली. एकाच सांगाड्यावर तीन हंगामांत तीन वेगवेगळ्या बॉडी चढत. अपघातात सापडलेल्या मोटारीचे इंजिन दुसरीत जाई, क्रमांकाची पट्टी तिसरीत. फियाट ६०० तर लाखोंनी बनल्या. त्यांतली एखादी घेऊन, विंचू चिकटवून, मागचे झाकण उघडे ठेवले की ‘अबार्थ’ तयार. ऐतिहासिक शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय महासंघ जे तांत्रिक पारपत्र देतो, ते मोटारीची रचना त्या काळच्या नियमांशी जुळते एवढेच सांगते. ती अस्सल आहे याची हमी देत नाही.

अशा वेळी ज्यांनी त्या मोटारी हाताने केल्या त्यांची स्मृती हाच पुरावा उरतो. वेल्डिंगचा सांधा कोणाच्या हातचा आहे, हेडमधील वाट कशी वळवली आहे, अमुक कारागीर पत्र्याची कड आत वळवत असे की बाहेर, हे कागदावर कुठे लिहिलेले नसते. स्मृती दगा देते, नात्यागोत्यात झुकते आणि मोटारीची किंमत वाढली की अधिकच लवचिक होते, हेही खरे. म्हणून जाणकार खरेदीदार जुन्या मेकॅनिकचे शब्द ऐकतात आणि मग हेड उतरवून बघतात. बांदिनी १९९२ मध्ये गेला, अबार्थ १९७९ मध्येच. त्यांच्या हाताखाली विशीत शिकलेली मुलेही आता ऐंशीच्या घरात आहेत किंवा त्यापलीकडे. प्रश्न विचारायचे असतील तर ते आताच विचारावे लागतील, आणि विचारणाऱ्यांना इटालियनबरोबरच कानस धरणेही यावे लागेल.