गृहनिर्मित विमानातील विद्युत जोडण्या

गृहनिर्मित विमानातील विद्युत जोडण्या : हौशी बांधणाऱ्याने आराखड्यावरून किंवा किट घेऊन स्वतः तयार केलेल्या विमानात तारेला तार, तारेला उपकरण किंवा तारेला सांगाडा जोडणारी टर्मिनल, कनेक्टर आणि कायमचे सांधे. अमेरिकेत अशा विमानांना ‘प्रायोगिक – हौशी बांधणी’ या वर्गात परवाना मिळतो. निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेले असावे, ही त्याची मुख्य अट. कनेक्टर कोणता बसवायचा हा निर्णय त्यामुळे त्याच्याच गळ्यात पडतो. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये मिलवॉकी येथे स्थापन केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनमुळे ही चळवळ फोफावली. महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत मांडले गेले आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली.

जुन्या धाटणीच्या इंजिनातला मॅग्नेटो ठिणगीसाठी लागणारी वीज स्वतःच तयार करतो. बॅटरीचा संबंध पूर्ण तुटला तरी इंजिन फिरत राहते. रोटॅक्स 912 आयएससारख्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात तसे नाही. तिथे पंप आणि नियंत्रक विजेवर चालतात, वीज गेली की इंजिन गेले. पॅनेलवरची घड्याळेही आता पडद्यांवर आली आहेत. मोटारीत ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणून बॉनेट उघडून हलवून पाहण्याचा जो दोष, तो इथे हवेत प्रकट होतो.

जोड बिघडतो तो बहुतेक वेळा कंपनाने. एकमेकांवर टेकलेले दोन कथिल-लेपित पृष्ठभाग सतत सूक्ष्म घासत राहिले की घासलेल्या जागी ऑक्साइडची भुकटी साचते आणि रोध वाढतो. सोन्याच्या लेपाला हा त्रास जवळजवळ नसतो, म्हणून संवेदक व रेडिओच्या क्षीण प्रवाहासाठी सोनेरी पिनाच घ्याव्यात. सोनेरी पिन कथलाच्या सॉकेटात घालणे मात्र वाईट. दोन्ही बाजूंचा लेप एकच हवा. मोठ्या प्रवाहाचा हिशेब वेगळा. 30 अँपिअर वाहणाऱ्या जोडात 0.01 ओहम रोध शिरला तर 9 वॉट उष्णता टर्मिनलच्या इवल्याशा पत्र्यात कोंडते. आधी आवरण तपकिरी होते, मग पत्र्याची स्प्रिंग मरते, पकड सुटते आणि रोध आणखी वाढतो.

तार आणि टर्मिनल यांच्यामधला सांधा हा खरा कळीचा भाग, आणि खरेदी करताना त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. टर्मिनलची नळी तारेवर योग्य दाबाने दाबून केलेल्या क्रिंपमध्ये तांब्याचे तंतू आणि नळी इतके एकजीव होतात की मध्ये हवा शिरत नाही. सोल्डर वाईट नाही. पण ते तंतूंमध्ये वर चढते, तेवढी तार ताठ होते आणि ताठपणा संपतो त्या रेषेवर कंपनाने तुटते. मागे आधार दिला तर सोल्डरचा सांधाही वर्षानुवर्षे टिकतो. 1941 मध्ये ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ या नावाने निघालेल्या एएमपी कंपनीची पीआयडीजी टर्मिनल गृहनिर्मित विमानांत सर्रास दिसतात. त्यांच्या प्लॅस्टिकखाली तांब्याची आणखी एक नळी असते. ती तारेचे आवरणही पकडते, त्यामुळे ताण तंतूंवर येत नाही. बाजारातल्या स्वस्त लाल-निळ्या थिंबलमध्ये ही नळी नसते. वरून दोन्ही सारखीच दिसतात. 22 गेजच्या तारेवरचे टर्मिनल सुमारे 15 पौंड ओढ सहन करील, ही जुनी लष्करी कसोटी घरीही लावता येते. रॅचेटची, पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी पक्कड हवी. कनेक्टर भारी आणि पक्कड साधी, हा व्यवहार उलटा आहे.

प्रकारांपैकी डी-सब हा पॅनेलमागचा सर्वांत सोयीचा कनेक्टर. 1952 च्या सुमारास कॅनन कंपनीने आणलेला हा प्रकार 9, 15, 25, 37 आणि 50 पिनांत मिळतो. पत्रा वळवून केलेल्या पिनांपेक्षा कातून काढलेल्या पिना घ्याव्यात. तशा पिनेला बारीक भोक असते. क्रिंप केल्यावर त्यातून तांबे चमकले तर तार पुरती आत गेली. पिन कनेक्टरच्या खाचेत ढकलताना टक् आवाज आला तरी तार हलकेच मागे ओढून पाहावी. अर्धवट बसलेली पिन कनेक्टर जुळवताना मागे सरकते आणि बाहेरून कळत नाही. एकाशेजारी एक दोन 9 पिनी कनेक्टर असतील तर त्यांचे नर-मादी उलट ठेवावेत, म्हणजे अदलाबदल होणारच नाही. ज्या बाजूला वीज येते तिथे सॉकेट असावे. उघडी पिन धातूला टेकली तर शॉर्ट सर्किट ठरलेले. गोल लष्करी 38999 कनेक्टर उत्तमच, पण महाग. पंखातल्या दिव्यासाठी तो लावणे हौसच म्हणायची. सरकवून बसवायच्या चपट्या फास्टन पट्ट्या स्विच आणि फ्यूजपेटीसाठी पुरतात, मात्र जोर न लावता सरकून बसणारी पट्टी फेकून द्यावी.

कनेक्टर मुळात कुठे हवाच, हाही प्रश्न आहे. प्रत्येक तारेमागे तो दोन क्रिंप आणि एक स्पर्श अशी तीन नवी ठिकाणे आणतो. जिथे पॅनेल काढावे लागते, नियंत्रण-दांड्याची मूठ बदलावी लागते, तिथे तो असावा. वाहतुकीनंतर एकदा बसवलेले पंख बहुधा परत उतरत नाहीत, तिथे क्रिंपचा कायमचा सांधा पुरेसा होतो. इंजिन व कॉकपिट यांच्यामधल्या फायरवॉलमधून तारा सलग न्याव्यात आणि भोक पोलादी कड्याने व आगरोधक लुकणाने बुजवावे. प्लॅस्टिकचा कनेक्टर तिथे आगीला वाट देतो.

रॉबर्ट नकल्स यांच्या ‘द एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकाने अनेक हौशी बांधणाऱ्यांना विद्युतरचना शिकवली. कोणताही एक भाग बिघडला तरी उड्डाण सुखरूप संपावे, अशी आखणी करण्यावर त्यांचा भर आहे. अर्थिंगच्या तारा फायरवॉलवरील फास्टन पट्ट्यांच्या एकाच पितळी पत्र्यावर आणण्याची त्यांची पद्धत बरीच रूढ झाली. काचतंतूच्या विमानांत ती विशेष उपयोगी पडते, कारण सांगाडा विद्युतरोधक असल्याने प्रत्येक उपकरणाला परतीची तार वेगळी ओढावीच लागते.