वेठ : एका शब्दाची हकीकत

संघटनेच्या कामात आम्हांला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. वेठ आणि बिगार यांत फरक काय? आणि मनातले गाऱ्हाणे शब्दांत मांडावे कसे? पहिल्याचे उत्तर शोधू गेले की दुसऱ्याचेही सापडते.

वेठ हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आला, बिगार फारसीतून. अर्थ एकच : मोल न देता सक्तीने घेतलेले काम. इ. स. १५०च्या सुमाराच्या जुनागड शिलालेखात रुद्रदामन सांगतो की, सुदर्शन तलावाचा बांध आपण प्रजेवर विष्टी न लादता बांधविला. वेठ न घेणे ही राजाने दगडावर कोरून ठेवावी इतकी दुर्मिळ गोष्ट होती!

आपल्या भागात ही वेठ १९४५ सालापर्यंत उघड चालू होती. वारली लग्नासाठी कर्ज काढी आणि ते फेडण्यापायी नवराबायको दोघेही मालकाकडे राबत. अशा माणसाला नाव होते 'लग्नगडी'. लग्न मंगल, गडी घरचा. गुलामी मात्र त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तेथून चार गोष्टी घरोघर पोचविल्या. फुकट राबू नका, रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या खासगी जमिनीवर काम करू नका, मारहाण झाली तर प्रतिकार करा, एकजूट ठेवा. यात एकही अवघड शब्द नाही. काय नाकारायचे आणि किती मागायचे, हे ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शेतावर आठवावे असे सांगितले आहे. गाऱ्हाणे मांडण्याची रीत ती हीच. बोईसर-तारापूरच्या कामगाराने अर्जात नुसते 'अन्याय होतो' लिहून भागत नाही. जादा तास किती, दिवस कोणते, पैसे किती बुडाले, हे लिहावे.

पुढे १९५० साली राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठ निषिद्ध केली. तिच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनाहून कमी पैशांत काम घेणे हीही सक्तीची मजुरीच, असा निर्वाळा दिला. शब्दाचा अर्थ असा रुंदावला आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या हाती एक हत्यार आले.

आणि आज? संप झाला की वर्तमानपत्रांत मथळा येतो : 'संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले.' संपाने लोकांची गैरसोय होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण वेठीस धरीत ते मालक, आणि धरला जाई तो मजूर. ज्याच्या बापजाद्यांनी वेठ सोसली, त्याच्याच माथी तो शब्द मारला जातो. गैरसोयीला गैरसोय म्हणावे. वेठ हा शब्द मात्र, जेथे माणूस अजूनही अर्ध्या मोलाने राबविला जातो, तेथे वापरण्यासाठी राखून ठेवावा, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.